आक्काच्या निबंधातला जादा परिच्छेद

माझी थोरली बहीण, आक्का, समुद्रकाठच्या जिवांचा अभ्यास करायची. विट्याकडच्या आमच्या माळावरून समुद्र फार लांब. तिनं तो पहिल्यांदा पाहिला कॉलेजच्या सहलीत, आणि पुढचं सगळं आयुष्य ओहोटीच्या वेळा सांभाळत काढलं. पाणी मागं सरलं की कोकणातल्या कातळावर डबकी उरतात. त्यांत राहणाऱ्या गोगलगायी हा तिचा विषय. उन्हाळा कडक होत चालला तसं त्यांचं काय होतं, एवढंच ती पाहत राहिली.

तिचे शोधनिबंध मोजकेच आहेत. मी साताऱ्यात ग्रंथपाल होतो, त्यामुळे तिच्या कामाचा दाखला कोण कुठं देतं ते शोधत बसायचा मला नाद लागला. ज्या किनाऱ्यांची नावं मला धड उच्चारता येत नाहीत, तिथले अभ्यासक तिचा आधार घेत. सगळ्यात जास्त आधार एकाच निबंधाचा घेतला गेला, आणि त्यात तिनं स्वतःचंच आधीचं म्हणणं खोडलं होतं. एका जातीच्या गोगलगायी डबक्यांतून नाहीशा झाल्या, असं तिनं पूर्वी छापलं होतं. नंतर त्या कातळाच्या भेगांत, खोल सावलीत सापडल्या. ते तिनं सरळ लिहिलं, आणि भेगा कशा तपासायच्या तेही लिहिलं. आज ती पद्धत दूरदूरचे लोक वापरतात.

निबंध पाठवण्याआधी ती गावी यायची आणि तो दादाला मराठीत सांगायची. आमचा थोरला भाऊ फौजेतून परत येऊन ऊस करतो. त्याचे प्रश्न बहुतेक वेळा निरुपयोगी असत. "माज्या उसाला हुमणी लागल्यावर तुजी गोगलगाय येती का गं?" असं विचारून तो स्वतःच हसायचा. पण त्याला सांगताना आक्काला आपलं वाक्य कुठं लुळं पडतंय ते कळायचं. त्याला सांगितल्याशिवाय तिनं एकही निबंध पाठवला नाही.

ती गेली तेव्हा शेवटचा निबंध परीक्षकांकडे होता. त्यांनी तो वाखाणला, किरकोळ दुरुस्त्या मागितल्या. काही महिन्यांनी तिची विद्यार्थिनी माझ्याकडे साताऱ्याला आली. दुरुस्त केलेला निबंधही दादाला सांगूनच पाठवायचा, असं तिनं ठरवलं होतं. आम्ही दोघं एसटीनं गावी गेलो.

दादा ऐकायलाच तयार नव्हता. "ती न्हाई, मग मी काय ऐकू?"

"आवं, पोरगी एवढ्या लांबनं आलीय," वहिनी म्हणाली. "आधी तिला च्या पिऊ द्या, मग रुसा."

चहानंतर मुलीनं सांगायला सुरुवात केली. उन्हानं डबकी तापतात, गोगलगायी कमी होतात आणि परत येत नाहीत, असा आक्काचा निष्कर्ष होता. मग ती अडखळली. "मॅडम गेल्यानंतरच्या हंगामात मी परत गेले होते. एका कातळावर त्या परत आल्यात. ते घालायचं, तर निष्कर्ष पहिल्यासारखा ठाम राहत नाही."

"घालू नगंस," दादा लगेच म्हणाला. "तिचं शेवटचं हाय. त्याला बट्टा लावू नगंस."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. ग्रंथालयात मला काय दिसलं ते मी दादाला सांगितलं. लोक आक्कावर विश्वास टाकतात तो ती कधी चुकली नाही म्हणून नव्हे, तर चुकल्यावर तिनं आपणहून सांगितलं म्हणून.

"ते भेगांचं?" दादा म्हणाला. "तवा मीच तिला म्हटलं हुतं, लोक हसतील."

"मग ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, हसू देत. गोगलगाय जिती असताना मेली म्हणून सांगू व्हय?"

वहिनीनं पदर डोळ्यांना लावला. दादा मुलीकडे वळला.

"तू सोता बगितल्यास त्या? डोळ्यानं?" त्यानं मुलीला विचारलं.

"हो. दोनदा जाऊन पाहिल्या."

"मग घाल. आन् हे तिच्यामागं तू बगितलंस, ते बी घाल. तिनं न बगितलेलं तिच्या नावावर नगं."

मुलीनं तिथंच, ओसरीवर बसून, तो परिच्छेद लिहिला आणि मराठीत सांगितला. दादानं एकही प्रश्न विचारला नाही. लाईट आली होती, मोटर सुरू करायला तो उठला. पायरीवर चपला घालताना म्हणाला, "फुडल्या उन्हाळ्यात बगशील तवा येऊन सांग. आमी हाय हितंच."