डिझेल टाकायचं का?

त्याचं नाव मला कधी कळलं नाही. विचारायला त्याच्या बोलण्यात फट तर सापडायला हवी ना. चिंचवडहून चाकणला तो आपल्या इवल्याशा मोटारीतून माझ्यासारखी गिऱ्हाइकं न्यायचा, एक हात चाकावर आणि दुसरा गोष्ट सांगायला. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मी त्याची नक्कल करायचो, तर लोकांच्या हातातली भाकरी पडायची.

पेट्रोल सगळी कमाई पितंय, ही त्याची तक्रार. आम्ही चहा प्यायचो त्या हॉटेलाशेजारी गॅरेज होतं. तिथल्या मिस्त्रीकडं एक जुनं डिझेल इंजिन लाकडी घोडीवर बसवलेलं होतं. ते गाडीत टाकायचं, का गाडीच विकून कंपनीच्या गेटावर वॉचमन म्हणून उभं राहायचं, हे त्याचं महिनाभर ठरेना.

शेवटी मिस्त्री वैतागला. "भाई, इंजिन चालू करतो. तुमी बाजूला बसून गोष्ट सांगा. ह्याला ऐकू आली, तर टाकू." 'ह्याला' म्हणजे चहा घेऊन तिथं उभ्या असलेल्या मला.

इंजिन धडधडायला लागलं. हा रंगात आला, हात फिरले, भुवया उडाल्या, पण मला शब्द एक कळेना. मी आपली मुद्दाम मान डोलावली, पण हसायच्या जागी हसायचं राहून गेलं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि इंजिन बंद करायची खूण केली.

"ऱ्हाऊ द्या मिस्त्री. पेट्रोलच बरं."

"आणि कमाई?"

"दोन खेपा जादा मारीन. पर आसं मुक्यानं चाकनला जायाचं म्हंजे मयत नेल्यागत वाटंल, राव."

मी पोट धरून हसलो. तो गाडीत बसून चाकणच्या रस्त्याला लागला. गाडी रिकामी होती, तरी त्याचे ओठ हलत होते.