मॉरिसव्हिलमध्ये काढलेला वंशवृक्ष

विमानाच्या खिडकीतून नॉर्थ कॅरोलायना दिसली ती आधी हिरवी आणि मग लाल. पाइनची दाट झाडी, आणि घरं बांधायला जमीन खरवडलेली असेल तिथे थेट रत्नागिरीकडची वाटावी अशी माती. कऱ्हाडच्या शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला, पण अमेरिकेची माती म्हणून हा रंग कधी डोळ्यांसमोर आला नव्हता. एरवी मी हरखून गेले असते. त्या दिवशी मात्र मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते, आणि ते विमान खाली येत होतं म्हणून नव्हे.

माझी सून केतकी मानसशास्त्रज्ञ आहे. मानसिक आजार घराण्यात कसे उतरतात, कुणात उतरतात आणि कुणात नाही, याचा अभ्यास हाच तिचा व्यवसाय. तिला पाचवा महिना लागला होता. आणि माझ्या सख्ख्या भावाला, दादाला, स्किझोफ्रेनिया आहे, हे मी लग्न ठरवताना तिच्यापासून लपवलं होतं. चोरानं पोलिसाच्या घरी पाहुणं जावं, तशी मी निघाले होते.

निखिल, माझा मुलगा, विमानतळावर आला होता. बाहेर गाड्या, बाकं, रस्ते, सगळ्यांवर पिवळी पूड. खंडोबाची जत्रा नुकतीच उठून गेल्यासारखी. मी बोट फिरवून बघायला लागले तर ओरडला, "आई, हात नको लावूस, पोलन आहे! ॲलर्जी होईल." पाइनच्या फुलोऱ्याचे पराग. दुसऱ्या दिवशी दहा-बारा शिंकांनी माझं स्वागत पूर्ण झालं.

मॉरिसव्हिलमध्ये त्यांच्या गल्लीत निम्मी घरं आपली. संध्याकाळी तळ्याभोवती फिरायला गेलं की पुणं, नागपूर, ठाणं सगळं भेटतं. शेजारची पुण्याची प्राजक्ता म्हणाली, "काकू, तुमची सून जाम ब्रिलियंट आहे यार. पण तिच्याशी बोलताना भीती वाटते, मनातलं ओळखेल म्हणून." ती हसली. मीही हसले, आणि त्या रात्री भाकरीचं पीठ दोनदा मळलं.

आठवड्यानं केतकीनं मला तिची लॅब दाखवली. भलंमोठं शीतकपाट, त्यात लोकांच्या थुंकीच्या इवल्या नळ्या. भिंतीवर वंशवृक्ष, नावं नसलेले. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, आणि जो आजारी तो काळा भरलेला. मी पटकन खिडकीबाहेर बघायला लागले.

"नागपूरहून आले तेव्हा पहिली दोन वर्षं मी फक्त फोन करायचे," ती सांगत होती. "फॅमिली हिस्टरी विचारली की लोक फोन ठेवून द्यायचे. मग माझ्या प्रोफेसर बाईंनी शिकवलं, आधी त्यांच्या किचनमध्ये बसायचं, देतील ते खायचं. आणि आजारी कोण आहे हे विचारायचंच नाही."

"मग काय विचारायचं?"

"घरच्या फोटोंमध्ये कोण नसतं, ते."

माझ्या लग्नाच्या फोटोत दादा नाही. निखिलच्या लग्नाच्या फोटोत नाही. लॅबमध्ये गारठा फार होता म्हणून मी शाल घट्ट ओढून घेतली, असं तिला सांगितलं.

त्या शनिवारी तिच्या टीमचा कार्यक्रम तासाभरावरच्या एका गावात, चर्चच्या सभागृहात होता. गावकऱ्यांना हा अभ्यास समजावून सांगायचा आणि प्रत्येकाकडून स्वतःचा वंशवृक्ष काढून घ्यायचा, तोही ज्यानं त्यानं घरी न्यायचा. मीही गेले. आधी अर्थातच जेवण. हशपपी (मक्याच्या पिठाची तळलेली भजी) झकास होती. कोलार्ड (आपल्या नवलकोलाच्या पाल्यासारखी भाजी) तर मी दोनदा वाढून घेतली. नंतर शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं, लॉरेटाबाईनं, कौतुकानं सांगितलं की चव डुकराच्या हाडाची आहे. मी शुद्ध शाकाहारी! माझा चेहरा बघून तिनं माझ्या पाठीवर थोपटलं आणि ताक मागावं तसा गोड गार चहा मागवला. बाटले ती बाटलेच, म्हणून मी तोही प्यायले.

मग कागद वाटले. लॉरेटाबाईनं भराभर गोल-चौकोन काढले आणि एक गोल काळा केला. "ही माझी बहीण. आवाज ऐकू येतात तिला. रविवारी इथे गाते, फार सुंदर गाते," ती म्हणाली. आवाज न चोरता, भर सभागृहात. मग माझ्या कागदाकडे बघून तिनं विचारलं, "तू एकुलती एक?"

"हो," मी म्हणाले. लपवायची सवयच होती. सासरी मी 'दादा मस्कतला नोकरीला आहे' म्हणून सांगितलं होतं, आणि दर दिवाळीला कऱ्हाडच्या बाजारातून खजूर आणून 'दादानं पाठवला' म्हणून वाटला होता. ह्यांना पुढे कळलं, तर तेही त्या नाटकात सामील झाले. ते गेल्यावर मी एकटीच ते चालवत होते.

कागदाच्या तळाशी शेवटचा प्रश्न छापलेला होता, तोच, फोटोंचा. मी माझ्या गोलाशेजारी एक चौकोन काढला आणि पेन्सिलनं भरायला लागले. कागद फाटला तरी थांबले नाही. मान वर केली तर मागे केतकी उभी.

ती पुढच्या टेबलाकडे वळली. कार्यक्रम संपवला, खुर्च्या आवरल्या. गाडीत बसल्यावर किल्ली न फिरवता तिनं विचारलं, "आजार सुरू झाला तेव्हा किती वर्षांचे होते मामा?"

"एकोणीस. चार वर्षं देवऋषी केले, मग डॉक्टर. आता वाईजवळ एका संस्थेत असतो. मी महिन्याला जाते."

"मला वाटलंच होतं, आई. आमच्या लग्नात सख्खा मामा नाही आणि कुणी रुसलंसुद्धा नाही! असं कुठे होतं का?"

"मग विचारलं का नाहीस?"

तिनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "माझ्या आत्याला तोच आजार आहे. निखिलला मी सांगितलं होतं. पण माझे बाबा म्हणाले, तुझ्या सासूला कळलं तर स्थळ मोडेल. रोज लोकांच्या घरी जाऊन मी सांगते, लपवू नका म्हणून. आणि स्वतः..."

"रागावली आहेस?"

"आहे ना. पण त्यातला निम्मा माझ्यावरच."

मला विचारायचं होतं ते शेवटी विचारलं. "बाळाचं काय गं?"

"शक्यता थोडी वाढते, आई, खोटं नाही सांगत. पण अशा घरांतल्या बहुतेक मुलांना काहीच होत नाही. आणि झालंच तर चार वर्षं नाही घालवायची आपण. पहिल्याच दिवशी ओळखू."

मी हमसाहमशी रडले. तीही रडली, मग मी खजुराची गोष्ट सांगितली तर पोट धरून हसायला लागली. इतकं हलकं मला सून घरात आली तेव्हाही वाटलं नव्हतं. निखिल मात्र हे कळल्यावर दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मामाला चहा कसा लागतो?" आणि मग तासभर दादाबद्दलच विचारत राहिला.

सहा आठवड्यांनी परत आले आणि दुसऱ्याच दिवशी वाई गाठली. आयुष्यात एवढ्या लांब पहिल्यांदाच गेले होते, तिथलं पुष्कळ सांगायचं होतं. पण दादानं मोबाइलवरचा निखिल-केतकीचा फोटो बराच वेळ निरखला आणि विचारलं, "मी आहे, हे यांना माहीत आहे?"

"आहे, दादा. डिसेंबरात बाळाला घेऊन येणार आहेत तुला भेटायला."

त्यानं मान डोलावली. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "मग आता येताना रडत जाऊ नकोस."

दर महिन्याला मी फाटकाजवळच्या नळावर तोंड धुऊन आत जात असे. मला वाटायचं, त्याला कळत नाही.