पाठवणीनंतरचा बांध

मी आयुष्यात एकच सिनेमा काढला, आणि तोही आमच्याच शेतात. पळसदरीच्या धरणाखाली आमची भातखाचरं आहेत. कर्जतला लग्नाचं शूटिंग करणारा एक कॅमेरावाला होता, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणायचो. त्याच्याकडे छोट्या कॅसेटवर चालणारा डिजिटल कॅमेरा होता, त्या काळी तो अगदी नवा वाटायचा. नट परवडत नव्हते, म्हणून शेतकरी म्हणून मी वडिलांनाच उभं केलं. त्यांनी एकच अट घातली, "मला बोलाय लावू नको." म्हणून माझ्या सिनेमातला शेतकरी शेवटपर्यंत अवाक्षर काढत नाही. पुढे कुणीतरी त्याला अर्थपूर्ण मौन म्हटलं. वडील आईला म्हणाले, "बघ, गप बसल्याचं पन कौतुक होतं. तू बी करून बघ."

वडील गेले आणि सिनेमा कपाटात पडला. तो बाहेर निघाला तो मुंबईच्या एका कंपनीच्या फोनमुळे. त्यांना जुने छोटे सिनेमे त्यांच्या ॲपवर दाखवायचे होते, पण आजच्या भिंतीएवढ्या टीव्हीवर शोभतील अशा मोठ्या आकारात. मी हो म्हटलं, आणि इथेच फसले.

रिळावर काढलेल्या सिनेमाचं बरं असतं. रीळ जपलेलं असेल तर ते नव्या यंत्रावर पुन्हा स्कॅन करता येतं आणि आधी न दिसलेले बारकावे वर येतात. आमच्या कॅमेऱ्याचं तसं नव्हतं. त्याने त्या दिवशी जेवढे ठिपके टिपले तेवढेच, आता वरून देव आला तरी एक वाढणार नाही. कंपनीला हवे होते त्याच्या वीसपट. म्हणजे एक ठिपका खरा आणि एकोणीस अंदाजाचे. त्यात माझी हार्ड डिस्क कधीच बसली होती. हाताशी होती फक्त एक डीव्हीडी, आणि तिच्यात बसवताना चित्र आणखी दाबलेलं होतं. हलत्या गोष्टींच्या कडांना फणीसारखे दात दिसत होते. भाताचं पीक म्हणजे नुसता हिरवा लगदा.

हल्ली यासाठी सॉफ्टवेअर मिळतं. ते पुसट चित्र बघतं आणि इथे काय असावं याचा अंदाज बांधून स्वतःच भरतं. मी ते रीतसर शिकले. फणीचे दात काढले, लगद्यातून पात्या सुट्या झाल्या, बांधावर चक्क गवत उगवलं. मी खुशीत आले आणि आईला शेवटचा प्रसंग दाखवायला बसवलं.

तो प्रसंग असा. खाचराचा बांध फुटलाय, वडील चिखलाचे गोळे लावून तो बुजवतात. मग घाटातून आगगाडीचा आवाज येतो. ते उभे राहतात आणि उन्हाआड हात धरून वर ठाकुरवाडी स्टेशनच्या बाजूला बघत राहतात. बस्स, एवढ्यावर सिनेमा संपतो.

आई बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यो कोन?"

"अगं, बाबा."

"तुजा बाप नाय ह्यो. हात बघ."

मी बघितलं आणि गारच पडले. वडिलांच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट लहानपणी भातगिरणीच्या पट्ट्यात मुळापासून गेलं होतं. पडद्यावरच्या हाताला पाचही बोटं होती, नखांसकट. सॉफ्टवेअरला तिथे एक पुसट फट दिसली होती. माणसाला पाच बोटं असतात हे त्याला पाठ, त्याने ती भरून टाकली. मला ते कळलं नाही, कारण मी भाताच्या पात्या मोजत बसले होते.

आई तिथेच थांबली नाही. "आनी बोट हाय, तर त्याच्या डोळ्यावर ऊन कुटून पडलं गं?"

वडिलांनी हात धरला की त्या फटीतून उन्हाची एक पट्टी त्यांच्या डोळ्यावर पडायची आणि तो डोळा मिचकायचा. ती पट्टी पडद्यावर तशीच होती. बोट मात्र नवं.

मला सॉफ्टवेअरचा नाही, माझाच राग आला. ज्या माणसाची हलती-चालती तेवढीच एक आठवण जगात आहे, त्याला मी परक्याचा हात लावून दिला होता. मी ठरवलं, हा हात घराबाहेर जाणार नाही. मूळ कॅसेट शोधायची. मिळाली तर ठीक, नाहीतर सिनेमा पुन्हा कपाटात.

दादाचं आता कर्जतला फ्लेक्स छापायचं दुकान आहे. मी विचारलं तसा तो जोरात हसला.

"ताई, त्या कॅसेट परत वापरायच्या या बोलीवरच दिल्या होत्या मी! त्यांच्यावर लग्नं काढली पुढच्या उन्हाळ्यात."

म्हणजे माझ्या सिनेमावर कुणाकुणाच्या हळदी आणि अक्षता पडल्या होत्या. पण दादा काही वाईट माणूस नाही. त्यानेच मग डोकं चालवलं. लग्नवाले सीडीवर विश्वास ठेवायचे नाहीत, ती चरे पडून खराब होते म्हणायचे आणि मूळ कॅसेट हट्टाने मागून घ्यायचे. घरात ती लावायला यंत्र नसलं तरी शालूबरोबर लोखंडी कपाटात ठेवायचे. कॅसेट तासाची. लग्न तिच्या आधी संपलं, तर शेवटी जे आधीचं असेल ते तसंच राहणार.

"शेवटचा सीन कुठल्या लग्नाखाली गेला, आठवतंय का?" मी विचारलं.

दादाला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, जेवणं राहतात. वांग्याच्या भाजीत मीठ नव्हतं ते लग्न, जिलेबी संपली आणि मामा रुसला ते लग्न. मी त्याला सोडलं नाही. त्याच्या जेवणांचा माग काढत कर्जत आणि खालापुरातली घरं पालथी घातली. कुठे कॅसेटला बुरशी आली होती, कुठे पोरांनी फीत ओढून पतंगाला शेपूट लावलं होतं. एका घरी तर नवराबायको वेगळे झाले होते आणि कॅसेटचं नाव काढताच मला पाणीही न विचारता वाटेला लावलं. आई म्हणायची, "बापावर गेलीस. त्यो पन बांध बुजल्याबिगर जेवाय येत नसं."

शेवटी मामा रुसला होता ते लग्न सापडलं. खालापूरच्या पुढे, रस्त्यालगतचं घर. नवरी माझ्याच वयाची, आता दोन मुलांची आई. कपाट उघडून तिने शालूच्या घडीतून कॅसेट काढली. डांबरगोळ्यांचा वास आला, पण कॅसेट कोरडी ठणठणीत होती. ती मात्र हातातून सोडेना.

"ताई, यात आमचे अण्णा हायेत. वडील माझे. मी परत कदी बघितलंच नाय, यंत्रच नव्हतं आमच्याकडं."

मी म्हटलं, कॅसेट नेत नाही, इथेच लावू. दादाचा जुना कॅमेरा मी पिशवीतच घेऊन फिरत होते. तिच्या टीव्हीला तो जोडला आणि आम्ही दोघी खाली सतरंजीवर बसलो. अक्षता झाल्या, जेवणं झाली, मामाचा रुसवाही झाला. कॅसेट संपत आली तरी लग्न काही संपेना. मग पाठवणी लागली. नवरी जीपपाशी उभी आणि तिचे अण्णा तिच्या पदराची गाठ उगाच सोडून परत बांधत होते. सतरंजीवर माझ्याशेजारी ती हुंदके द्यायला लागली. मला तिची पाठवणी लवकर संपायला हवी होती आणि तिला ती कधीच संपायला नको होती. मला स्वतःची लाज वाटली, तरी मी मनात म्हणतच होते, बसा आता जीपमध्ये, बसा बाई.

जीप हलली. पडदा चौकोनाचौकोनांनी फाटला, आणि बांध आला.

चिखल लावायचा भाग लग्नाखाली गेला होता. वडील उभेच होते आणि त्यांचा हात वर जात होता. चार बोटं आणि मधली फट. डोळ्यावर उन्हाची पट्टी.

"ह्ये कोन वो?" तिने डोळे पुसत विचारलं.

"हे माझे अण्णा," मी म्हटलं.

तिने मग कॅसेट स्वतःहून माझ्या हातात दिली. मी तिच्या लग्नाची आणि माझ्या बांधाची प्रत एकदमच काढली. तिच्या अण्णांचा चेहराही नवा केला नाही, नुसता आहे तसा स्वच्छ उतरवला.

शेवटच्या प्रसंगात आता चिखलाचा भाग डीव्हीडीवरचा, पुसट, आणि हाताचा भाग कॅसेटवरचा. मोठे मी दोन्ही केले, पण अंदाज भरणारं सॉफ्टवेअर त्यांना लावलं नाही. मोठ्या पडद्यावर चित्र मऊ दिसतं आणि मध्ये सांधा कळतो. कंपनीतली मुलगी फोनवर म्हणाली, "मॅडम, प्रेक्षकांना वाटेल फाइल खराब आहे." मी म्हटलं, वाटू दे, पण बोट मी लावणार नाही. खूप घासाघीस झाली. अखेर सिनेमाच्या आधी खुलाशाची एक ओळ टाकायची, यावर ते तयार झाले.

पाठवायच्या आधी मी आईला पुन्हा टीव्हीसमोर बसवलं. चिखलाचे गोळे लागले, गाडीचा आवाज आला, वडील उभे राहिले. ह्यो कोन, असं तिने या वेळी विचारलं नाही. ती चष्मा सावरून पुढे सरकली, आणि हात वर जाऊन उन्हाची पट्टी पडली तशी वैतागून पडद्याला म्हणाली, "अवो, पाठ फिरवा की जरा. डोळ्यावर ऊन येतंय तुमच्या."