धुम्मस फिरलेला वाफा

मिस्त्रींनी बांधलेली भिंत कधी खचली नाही, हे मिस्त्री स्वतःच सगळ्यांना सांगत. कोणी विचारलं नाही तरी सांगत. मातीची भर घातली की ठोकायचा जड धुम्मस हाणून ती दगडासारखी करायची, मगच पुढचं काम. सगळी हयात हात याच वळणावर गेलेले. काम सुटलं तरी हात गप्प बसेनात. स्वयंपाकघराचा ओटा त्यांनी दुसऱ्यांदा सरळ केला, तेव्हा बायको म्हणाली, "आता मला सरळ करायला घ्याल. त्यापेक्षा परसात जा."

परसात काम होतंच. तिच्या भावाने माहेरचं घर विकलं होतं आणि नवे मालक मागच्या बागेत फरशी घालणार होते. तिथे आईने लावलेली, कोंब खायची शतावरी होती. तिने जाऊन मुळांचे गड्डे खणून आणले आणि ओल्या पोत्यात गुंडाळून मिस्त्रींच्या हवाली केले. आईची म्हणावी अशी तेवढीच गोष्ट तिच्याकडे उरली होती.

"एकदा नीट लागली की वर्षानुवर्षं बघायला नको," ती म्हणाली. "फक्त पहिली दोन वर्षं कोंब तोडायचे नाहीत."

मिस्त्रींनी दोरी लावून चर खणला, इतका देखणा की शेजारी बघून गेले. तळाला खत, त्यावर पाय पसरलेल्या कोळ्यांसारखी मुळं, वर माती. इथवर सगळं ठीक. मग ती शिवणाच्या दुकानात कामाला गेली आणि यांनी कोपऱ्यातला धुम्मस उचलला. भरलेली माती न ठोकता सोडायची म्हणजे त्यांच्या जिवाला चैन पडेना.

कोंब यायचे दिवस आले नि गेले. वाफा अंगणासारखा सपाट. पाणी घातलं की वरच तळं साचे. एका दुपारी ते तळं बघता बघता त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तोंडचं पाणी पळालं. सासूबाईंची शतावरी त्यांनी पाया भरावा तशी गाडून टाकली होती.

कुदळ घालावी तर मुळं तुटणार. मग रोज ती कामाला गेली की ते थापीच्या टोकाने आणि बोटांनी ढेकळं फोडत बसू लागले. नखं गेली, गुडघे बोलू लागले. जेवताना तिच्या नजरेला नजर देववत नव्हती.

आणि एका सकाळी मातीतून जांभळट टोक वर आलं. करंगळीएवढं, तेही वाकडं. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. "अगं, ये लवकर!" ती आली, आणि त्यांनी सगळं भडाभडा सांगून टाकलं.

ती हसत सुटली. "अहो, अख्ख्या गल्लीला आवाज गेला होता. शेजारीण दुकानात सांगायला आली, 'तुमचे हे परसात इमारत उठवतायत.'"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते. घरी आले तर तुम्ही वाफ्याशी खुर्ची टाकून बसलेले, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसे. तशीच आत जाऊन चहा टाकला."

मग ती टाकीमागे गेली आणि बादली घेऊन आली. बादलीत भुसभुशीत माती, आणि दोन हिरवे कोंब. "तुमच्या हातात देण्याआधीच दोन गड्डे काढून ठेवले होते."

"म्हणजे माझ्यावर भरवसा नव्हता?"

"भिंत असती तर डोळे मिटून ठेवला असता."

रागवायला हवं होतं. पण मिस्त्रींना इतकं हलकं वाटलं की ते नुसतेच खाली बसले. दोघांनी मिळून ते गड्डे वाफ्यात लावले. माती लोटून झाल्यावर सवयीने त्यांनी वर तळहात टेकवला. तिने तो उचलला आणि आपल्या हातात धरून ठेवला.