तोंडाचा वास

"मुंह खोलो. हा करो."

माझा दत्ता समोर स्ट्रेचरवर होता. अंगावर चादर, पाय उघडे. आणि डॉक्टर मला तोंड उघडायला सांगत होता. मला वाटलं, पोरगा गेलेली बाई आहे, चक्कर येऊन पडेल, म्हणून तपासतोय. मी तोंड उघडलं. हा केलं. त्यानं नाक जवळ आणलं, हुंगलं आणि पोलीस जमादाराकडं बघून मान हलवली. वास नाही.

तेव्हा मला कळलं.

सुरतेत प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. गुजरातेत दारूबंदी. दारू पिऊन माणूस मेला की पोलिसांच्या लेखी त्याचं घर गुन्ह्याचं. आमच्या गोडादऱ्यात पिशवीतली दारू भरदिवसा मिळायची. जमादाराला ते माहीत नव्हतं असं नाही. विकणाऱ्याचं तोंड कुणी हुंगलं नाही. दत्ता कापडाच्या लूमवर उभा राहून राहून मोडायचा आणि पाळी सुटली की प्यायचा. मी शिव्या दिल्या, शपथा घातल्या, जेवण बंद केलं. त्या दुपारी घरी आला, उलटी झाली, आडवा झाला, तो उठलाच नाही.

मी डॉक्टरला एकच विचारलं होतं, "त्याला लई त्रास झाला का हो?"

तो म्हणाला, "पीते वक्त सोचना था."

एवढंच उत्तर. माझ्या लेकाचा जीव कसा गेला हे मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

माझी सून शोभा भिंतीला टेकून उभी होती. बसायला स्टूल नव्हतं असं नाही, त्यावर जमादाराची टोपी ठेवलेली होती. एक नर्स आली. आपली, मराठी. मला बरं वाटलं. ती शोभाला म्हणाली, "रडू नको बाई. सुटलीस." शोभाचं रडणं जागच्या जागी थांबलं. जणू रडायचीही तिला लाज वाटली.

मग जमादार म्हणाला, "सासू-वहू साथे बेसीने पीती हशे." सासू-सून दोघी मिळून पीत असतील, असं. वॉर्डबॉय हसला. डॉक्टर शोभाकडं वळला.

"अब तुम. मुंह खोलो."

शोभानं माझ्याकडं पाहिलं. "आत्या," म्हणाली आणि तोंड उघडायला लागली. घाबरलेलं माणूस सांगितलं ते करतं. मीही केलं होतं.

मी मधे उभी राहिले. "हिचं तोंड कुणी हुंगायचं नाही."

"तो बॉडी नहीं मिलेगी."

"ठेवा. मी पन हितंच बसते."

आणि बसले. दारातच. शोभाला शेजारी बसवलं. आत जायला वाट राहिली नाही. जमादार ओरडला, "ऊठ, डोशी." डोशी म्हणजे म्हातारी. मी उठले नाही. तो काठी आपटून थकला. बाहेर माणसं जमली, तेव्हा मोठा डॉक्टर आला आणि म्हणाला, "दे दो, जाने दो." भीक वाढतात तसं. त्यानंही दत्ताचं नाव विचारलं नाही.

घरी शेजारणीही शोभाला तेच म्हणाल्या. सुटलीस. तिचा नवरा होता तो. चांगला असायचा तेव्हा तिचे पाय चेपून द्यायचा. हे ती कुणाला सांगणार? दारू पिणाऱ्यासाठी रडायचं नसतं, असं सगळ्यांनीच ठरवून टाकलेलं.

मी तेव्हापासून गप्प बसत नाही. आमच्या भागात, गोडादरा-लिंबायतला, कुणी दारूनं गेलं की त्या घरच्या बाईबरोबर दवाखान्यात मी जाते. बोलावलं नाही तरी जाते. डॉक्टरला म्हणते, आधी हिला बसायला द्या. मेलेल्याचं नाव घेऊन बोला. तो कसा गेला ते हिला कळेल अशा भाषेत सांगा, आणि तिचं रडून होईपर्यंत पोलिसाला बाहेर उभा करा. ह्याला शिक्षण लागत नाही. काही ऐकतात. काही म्हणतात, तू कोण? काही जण मला बघून तोंड फिरवतात. फिरवू देत. मी म्हातारी झाले, गुडघे गेले, तरी दारातून हलणार नाही. मला ओढून काढावं लागेल.

मी परभणीकडची, चौथी शिकलेली बाई. मला तीन लेकरं झाली. दोन आहेत.