अंगठ्याखालचं बटण

पस्तीस वर्षं मी लोकांच्या चुका छापत आलो. आज माझी एक सांगतो. चहा घ्या, आणि हसायचं ते शेवटी हसा.

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडच्या हॅम रेडिओवाल्यांचा, म्हणजे हौशी बिनतारीवाल्यांचा, सराव असतो. पूर आला, मोबाइल बंद पडले, तर निरोप कसे पोचवायचे? ठाणे, डोंबिवली, टिटवाळा, विठ्ठलवाडी अशा चार ठिकाणी गच्चीवर एकेक जण बिनतारी संच घेऊन उभा, आणि कल्याणच्या एका शाळेत मुख्य केंद्र. यंदा आपत्ती विभागाच्या अधिकारी बाई स्वतः केंद्रात बसणार होत्या. तासाभरात चारही निरोप नीट पोचले, तर मंडळींना अँटेनासाठी सरकारी इमारतीची गच्ची आणि एक खोली मिळणार होती. तीन पावसाळे अर्ज चालले होते त्यासाठी!

मी विठ्ठलवाडीला गेलेलो, बातमीसाठी. खरं सांगू? भांडायलाच गेलेलो. "खिशात मोबाइल असताना हे खेळणं कशाला?" आणि वर हट्ट माझाच, "सराव खरा असेल तर सगळ्यांचे फोन बंद करा!" केले बिचाऱ्यांनी.

गच्चीवर मेधाताई होत्या, निवृत्त शिक्षिका. सुरुवातीलाच त्यांच्या मोठ्या अँटेनाची वायर निसटली. हातातला छोटा संच मला देऊन त्या पाण्याच्या टाकीवर चढल्या.

"भाऊ, नुसता धरा. बटण दाबू नका. ते दाबलेलं असलं की इतर कुणाला बोलता येत नाही, आणि आपल्याला..."

"कळलं हो!" अर्धं वाक्य ऐकलं की मला सगळं कळतं.

मग मी सुरू झालो. "ताई, ही अधिकारी बाई आज फोटोसाठी आलीय! गेल्या पुरात कुठे होती? मी गुडघाभर पाण्यात उभा राहून फोन करत होतो. उचलला कुणी?"

ताईंच्या दातांत चिकटपट्टी. त्या नुसत्या "हं" म्हणाल्या.

"आणि केंद्रावरचे तुमचे डिसोजा अंकल! एकदा माइक मिळाला की सोडत नाहीत म्हणे. काय ती हौस माणसाला स्वतःच्या आवाजाची!"

अर्धा तास गेला. पन्नास मिनिटं गेली. संच गप्प.

"बघितलंत? कल्याणहून चकार शब्द नाही! झोपले सगळे! मथळा ठरला माझा, 'पुराआधीच बुडाला रेडिओ'." हा मथळा मी ठणकावून दोनदा म्हटला.

"अहो, कल्याण इतका वेळ गप्प बसत नाही कधी."

"आज बसलंय ना!"

तेवढ्यात जिन्यातून धापा ऐकू आल्या. सत्तरीचे डिसोजा अंकल, कल्याणहून स्कूटरने येऊन पाच मजले चढलेले! त्यांनी आल्या आल्या माझा हात धरला आणि एकेक बोट सोडवलं. अंगठा सगळ्यांत शेवटी निघाला.

संचातून टिटवाळा ओरडलं, "अरे, कुणीतरी त्या माणसाला आवरा रे!"

"किती ऐकलंत?" मी अंकलना विचारलं.

"सगळं. मथळा दोनदा."

"मग सांगायचं ना मला!"

"कशावर सांगू, बाबा? फोन तू बंद करायला लावलेस. रेडिओ तू धरून बसलेलास."

तोवर तास संपला. एकही निरोप पोचला नव्हता. केंद्रात मी बाईंसमोर उभा राहिलो. "मॅडम, चूक माझी. यांची खोली अडवू नका."

"पुरात असा एखादा माणूस भेटणारच," बाई म्हणाल्या. "तेव्हा काय करायचं ते यांनी शोधावं. पुढच्या रविवारी पुन्हा सराव." मग माझ्याकडे वळल्या. "गेल्या वेळच्या फोनचं तुम्ही बोललात ते खरं आहे. मी इथून लगेच उत्तर द्यायला गेले. पण तुमचं बटण दाबलेलं होतं."

ते वाक्य अजून कानात आहे. आजवर कितीजण असे उत्तर घेऊन माझ्यासमोर उभे राहिले असतील?

पुढच्या रविवारी मंडळींनी अशा अडचणीसाठी दुसरी फ्रिक्वेन्सी ठरवून ठेवली होती. चारही निरोप पोचले. खोली मिळाली. मलाही मेधाताईंनी एक संच दिला. "भाऊ, हा नुसता ऐकतो. बटणच नाहीये याला."

जुलैत पाणी चढलं तेव्हा त्या खोलीच्या कोपऱ्यात मी चार तास बसलो. कोण कुठे अडकलंय, कुणाला काय हवंय, सगळ्यांचं शेवटपर्यंत ऐकलं. बातमी लिहून पाठवली.

उपसंपादकाचा लगेच फोन. "सर, फार चांगली झालीय. कुणाकडून लिहून घेतलीत?"