पाहुण्याची ओळख

काल नात व्हिसाचा अर्ज भरत होती. तिनं मोठ्यानं वाचलं, "तिकडं तुम्हाला ओळखणारं कोण आहे?" अन् मला पूर्णा स्टेशनावरचा कोळशाचा वास आला बघा.

निजामाचं शेवटचं साल, लय धास्तीचं. बाहेरून पाहुणा आला की घरच्यानं स्टेशनावर जाऊन 'हा आमचा माणूस' म्हणायचं, तवा त्याला गावात सोडायचे. माझा मामा नगरकडचा. भाऊबीजेला येतो म्हणून त्याचं कार्ड आलेलं. आईनं करंज्या तळल्या अन् मी वडलांचं, अण्णांचं बोट धरून स्टेशनावर गेले.

मामा उतरला, मला बघून हसला. अंमलदारानं अण्णांना विचारलं, "ये तुम्हारा कौन है?" अण्णांनी मामाची गांधी टोपी बघितली, शिपायांच्या बंदुका बघितल्या. म्हणाले, "मालूम नहीं, साब."

"अहो दाजी, चेष्टा करायलाव का?" मामा म्हणाला. अण्णांनी पाठ फिरवली. मामाला परतीच्या गाडीत बसवलं.

आई दारातच उभी. "का हो, दादा आला न्हाई?"

"गाडीत न्हवता," अण्णा म्हणाले.

"खरं का गं, बाई?" आईनं मला विचारलं. मी होकाराची मान हलवली.

अण्णांची भीती आता मला कळते. माझी मान का हलली, ते अजून कळत नाही. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. आईनं जिता भाऊ असून ओवाळलं. "रुसला असंल माझ्यावर," म्हणाली, अन् त्याच्या वाटणीची करंजी माझ्या हातावर ठेवली.